साइडकारची ओढ अशी घालवली

माझी साइडकारची मोटरसायकल सरळ धावतच नव्हती. हँडल सारखं साइडकारकडे ओढायचं, दंड भरून यायचे. त्यात साइडकारच्या टायरची नक्षी एका बाजूने करवतीसारखी झिजलेली. बोट फिरवलं की धार लागायची.

आधी हवा तपासली, ती ठीक होती. मग सपाट फरशीवर मोटरसायकलच्या दोन्ही चाकांना मिळून एक सरळ पट्टी लावली, साइडकारच्या चाकाला दुसरी. पट्ट्यांमधलं अंतर मागच्यापेक्षा पुढे 40 मिलिमीटरने कमी! टायर खाणारं कारण हेच. साइडकार मोटरसायकलला जोडणारे खालचे क्लॅम्प ढिले करून फरक 20 वर आणला.

ओढीचं मूळ मात्र वेगळं होतं: मोटरसायकल साइडकारकडेच कललेली. जोडणीच्या वरच्या दांड्या थोड्या लांबवून ती एखादा अंश बाहेर, साइडकारच्या उलट बाजूला झुकवली. हे माप सीटवर माणूस बसवूनच घ्यावं, स्प्रिंग दबल्या की ते बदलतं. थोडं चालवून सगळे बोल्ट पुन्हा आवळले.

आता एका वेगात गाडी नाकासमोर जाते. रेस दिल्यावर साइडकारकडे किंचित वळते, पण तो तीन चाकांचा स्वभावच, आणि मला तो मनापासून आवडतो.