सिग्नलवर सायकल आणि शेजारी बस: या चुका टाळा

दर रविवारी आमच्या सायकलवाल्यांच्या टोळीबरोबर पन्हाळ्याहून कोल्हापुरात परत येताना एक गोष्ट ठरलेली. शिवाजी पूल ओलांडून सीपीआर चौकाकडं वळलो की एवढा वेळ शिस्तीत आलेली मंडळी एकदम सैरभैर होतात. कुणाला मिसळ दिसायला लागते, कुणाला नळाचं पाणी जायची घाई. पुढं सिग्नलला एसटी उभी, तिच्या आणि फुटपाथच्या मध्ये हातभर फट, आणि आमचा नवा भिडू त्या फटीत सायकल घालतो. मी मागून बोंबलतो. तो हात वर करून दाखवतो, म्हणजे "काळजी नको काका". काळजी मलाच असते, कारण त्या फटीत मी एकदा जाऊन आलोय.

दाभोळकर कॉर्नरची गोष्ट. सकाळची ऑफिसची वेळ, सिग्नल लाल, एसटी थांबलेली. मी डावीकडून सरकत सरकत बसच्या मधल्या खिडकीपर्यंत पोचलो आणि तिथंच अडकलो, पुढं रिक्षा. बसनं डावीकडचा इंडिकेटर लावला होता की नव्हता, मला आजही सांगता येणार नाही, कारण मी जिथं उभा होतो तिथून तो दिसतच नाही. आत डबल बेल वाजली. हिरवा लागला, रिक्षा सुटली, मीही सुटलो, आणि बस डावीकडं वळायला लागली. पुढचं चाक माझ्यापासून चांगलं लांब गेलं. मला वाटलं, बस गेली, सुटलो. मग बसचं पोट माझ्याकडं यायला लागलं. भिंत सरकत यावी तसं, अगदी सावकाश. मी सायकल सोडली आणि फुटपाथवर उडी मारली. मागचं चाक माझ्या पुढच्या रिमवरून गेलं, करकर आवाज करत. ड्रायव्हरला कळलंही नाही. लोकांनी पत्रा बडवला तेव्हा बस थांबली. तो उतरून आला, आधी माझे हातपाय बघितले आणि मग म्हणाला, "मरायचं हाय काय ओ? तुम्ही तिथं कवा आला?"

त्याचा प्रश्न बरोबर होता. नंतर ओळखीच्या एका ड्रायव्हरमामांनी मला उभ्या बसमध्ये त्यांच्या सीटवर बसवलं आणि माझ्या पोराला सायकल घेऊन डाव्या अंगाला उभं केलं. सीट उजवीकडं आणि उंचावर. मधल्या खिडकीपाशी पोरगा आरशात जेमतेम टोपीएवढा दिसला, दोन पावलं पुढं आला आणि गायब झाला. पुढच्या दाराशी चार माणसं उभी असली, आणि केएमटीत, म्हणजे आमच्या शहर बसमध्ये, ती असतातच, तर डावा आरसासुद्धा त्यांच्या डोक्यांआड जातो. अगदी नाकासमोर, बंपरला चिकटून उभ्या माणसाचंही तेच. काचेतून तो दिसत नाही.

आणि ते पोट का आलं, तर मागचं चाक पुढच्या चाकाच्या वाटेनं जात नाही. ते आतून जातं. अकरा-बारा मीटरच्या बसमध्ये दोन चाकांत साडेपाच-सहा मीटर अंतर असतं, त्यामुळं कडक वळणावर मागचं चाक दीड-दोन मीटर आत येतं. म्हणजे तुम्ही उभे आहात बरोबर तेवढी पट्टी. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर बघा, दुसरी ट्रॉली कोपरा कशी खाते ते. बसचं तेच, फक्त पत्र्याआड झाकलेलं.

माझी सवय साधी आहे. बस आधीच उभी असेल तर मी तिच्या मागं थांबतो, चार-पाच मीटर अंतर ठेवून, जरा डावीकडं, अशा जागी की तिच्या डाव्या आरशात मला ड्रायव्हरचा चेहरा दिसेल. चेहरा दिसला तर मीही त्याला दिसतोय. नाही दिसला तर जागा बदलायची. धूर खावा लागतो, कबूल. माझ्यामागं उभा राहिलेला मोटारसायकलवाला हॉर्न मारतो, तेही कबूल. मी पहिला पोचलो आणि बस नंतर शेजारी आली, तर मी सायकल दोन हात पुढं घेतो, मान वळवून ड्रायव्हरकडं बघतो, आणि त्यानं बघितल्याशिवाय पॅडलवर पाय ठेवत नाही. कधी कधी एक सिग्नल जातो. एकदा घड्याळ लावून बघितलं, सीपीआर ते कावळा नाका सगळीकडं असं वागलो तरी घरी तीन मिनिटं उशिरा पोचलो. तीन मिनिटांत मिसळ थंड होत नाही.

तो रिम अजून घरी आहे. बायकोनं त्यावर जाई चढवलीय. नव्या पोरांना मी आधी तो दाखवतो, मग हेल्मेट कुठलं घ्यायचं ते सांगतो.

दुसरी चूक गिअरवाल्यांची, आणि ती मला जास्त चीड आणते, कारण पन्नास हजारांची सायकल घेणाऱ्याला पन्नास पैशांचा धीर नसतो. जोरात येतात, जड गिअरमध्ये, सिग्नल लाल दिसला की गचकन ब्रेक. हिरवा लागला की त्याच जड गिअरवर उभं राहून पॅडल दाबतात. सायकल हलत नाही, हँडल डावी-उजवी मारतं. शेजारी बस असेल तर ती हँडलची हात-दीड हात झुलणी कुठल्या बाजूला जाणार? एक जण दसरा चौकात असा चेन घसरून सरळ उजवीकडं पडला. मागच्या केएमटीवाल्यानं वेळेत ब्रेक मारला म्हणून वाचला. वर तो मलाच म्हणाला, "काका, सायकल सर्व्हिसिंगला द्यायला पाहिजे." सायकल ठणठणीत होती.

सिग्नल पन्नास पावलं लांब असतानाच, पाय फिरते असताना, गिअर हलके करा. उभी सायकल गिअर बदलत नाही. थांबल्यावर डावा पाय खाली, म्हणजे तोल गेलाच तर फुटपाथच्या बाजूला जाईल, आणि उजवं पॅडल घड्याळात दोन वाजल्यासारखं वर. पहिले तीन फेरे बसून मारा. उभं राहून जोर काढायचा तो जोतिबाच्या चढाला, तिथं बघायला मी असतो.

आता बाकीच्या भराभर.

आकडे उलटे मोजत येतात ना, 5, 4, 3... त्यातल्या 3 ला निघणारे. समोरच्या रस्त्यावर पिवळ्यात घुसलेली बस त्याच तीन सेकंदांत चौकाच्या मध्यावर असते.

बस उजवीकडं वळतेय म्हणून डावी बाजू निर्धास्त समजणं. मागच्या चाकामागं जो लांब शेपटा असतो, तो उजव्या वळणात डावीकडं फेकला जातो.

सिग्नलला थांबलेल्या बसमधून आपले लोक उतरतात. त्यांना शिव्या घालून उपयोग नाही, मीही उतरलोय. डाव्या बाजूनं जाताना दार अंगावर उघडणार, हे धरूनच चाला.

कानात गाणी. डबल बेल, ब्रेक सुटल्याचा फुस्स आवाज, दोन्ही बस निघण्याआधीच्या सूचना, आणि फुकट मिळतात. हल्लीच्या इलेक्ट्रिक बस तर इंजिनचा आवाजही करत नाहीत.

गर्दीच्या चौकात उजवीकडं जायला बससोबत मधल्या लेनमध्ये घुसणं. सरळ पलीकडं जा, थांबा, सायकल वळवा, त्या बाजूच्या हिरव्यात निघा. नाहीतर उतरा आणि झेब्र्यावरून चालत जा. सायकल हातात धरून चालल्यानं कुणाची इज्जत गेल्याचं मी कोल्हापुरात अजून ऐकलेलं नाही.

पावसात झेब्र्याच्या पांढऱ्या पट्ट्यांवर आणि गटाराच्या लोखंडी झाकणांवर ब्रेक मारणं. तिथं चाक सरळ ठेवून नुसतं जाऊ द्या, ब्रेक आधीच मारून घ्या.

मागचा लाल दिवा "उजाडलं की काढतो" म्हणणारे. लावा आणि विसरा.

आणि पहाटेची. निघताना सिग्नल नुसता पिवळा लुकलुकत असतो, रस्ता मोकळा, म्हणून सगळे सुसाट. त्याच वेळी स्टँडवरून पहिल्या गाड्या सुटतात, त्यांनाही रस्ता मोकळाच दिसतो. मी दसरा चौकात तेव्हाही पाय टेकवतो. मागची पोरं हसतात. मग एक एसटी समोरून भर्रकन जाते, आणि आम्ही निघतो.