बिल अडकू नये म्हणून: सरकारी ठेक्यावर माणसं पुरवणाऱ्यांसाठी

टेंडर भरताना माझ्याकडे कोणी येत नाही. काम मिळतं, दोन-तीन महिन्यांची बिलं तुंबतात, क्षेत्रीय कार्यालयातून फाईल शेरा मारून परत येते, आणि मग शुक्रवार पेठेतल्या माझ्या जिन्यावर चपला वाढतात. मी कामगारांच्या पीएफ (भविष्यनिर्वाह निधी) आणि ईएसआयचं (कामगार राज्य विमा) काम करते. माझे बहुतेक ठेकेदार महापालिकेला आणि राज्य सरकारच्या कार्यालयांना सफाई, माळीकाम, शिपाई अशी माणसं पुरवणारे. त्यांना तोंडी सांगते तेच इथे लिहिते आहे.

सुरुवात दरापासून. महाटेंडर या राज्य सरकारच्या टेंडर पोर्टलवर आर्थिक पाकीट, म्हणजे दराचा भाग, भरण्याआधी एका माणसाचा महिन्याचा खर्च कागदावर मांडा. किमान वेतनाचा मूळ दर अधिक महागाईनुसार बदलणारा विशेष भत्ता. त्यावर तुमच्या वाट्याचा पीएफ १२ टक्के, विमा आणि प्रशासन खर्च मिळून आणखी १ टक्का, ईएसआय ३.२५ टक्के, बोनस किमान ८.३३ टक्के. शिवाय रजा, गणवेश, हातमोजे, आणि साप्ताहिक सुट्टीला बदली माणूस लागणार असेल तर त्याचा पगार. या बेरजेच्या खाली दर टाकून पहिला नंबर लावणारा एक तर तोट्यात जातो, नाही तर कामगाराच्या खिशात हात घालतो. मालकाच्या वाट्याचा पीएफही कामगाराच्याच पगारातून कापणारे महाभाग मी पाहिलेत. ते बेकायदेशीर आहे आणि तसली कामं मी घेत नाही.

दरातली खरी मेख विशेष भत्त्यात आहे. महाराष्ट्रात तो १ जानेवारी आणि १ जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो. टेंडर मे महिन्यात भरलं आणि काम ऑगस्टला सुरू झालं, तर पहिल्याच पगाराला तुमचा हिशेब जुना झालेला असतो. म्हणून शर्तींमध्ये ‘किमान वेतनातील वाढीचा फरक देय राहील’ असं वाक्य आहे का ते शोधा. ‘दर संपूर्ण कालावधीसाठी स्थिर’ एवढंच असेल, तर वाढीव पगार तुम्हाला द्यावाच लागणार, पण कार्यालय तुम्हाला तो देणार नाही. बोली-पूर्व बैठकीत हा प्रश्न लेखी विचारा. साहेबांनी मान डोलावली यावर विसंबू नका. उत्तर शुद्धिपत्रकात, म्हणजे टेंडरला जोडलेल्या लेखी दुरुस्तीत, आलं तरच ते कराराचा भाग.

आता महिन्याचं बिल. पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत, बँकेतूनच. पीएफ आणि ईएसआय १५ तारखेपर्यंत. ‘बिल निघालं की पगार करतो’ हे कायद्याला चालत नाही, कारण पगाराची पहिली जबाबदारी ठेकेदाराची. त्याने थकवला तर काम देणाऱ्या कार्यालयाला तो द्यावा लागतो आणि मग ते तुमच्या बिलातून वसूल करतात. क्लार्क कागद मागतो तो याचमुळे, तुमच्यावर त्याचा राग आहे म्हणून नव्हे. माझा हिशेब असा, की किमान दोन महिन्यांचे पगार स्वतःच्या खात्यात नसतील तर काम घेऊच नये.

बिलासोबत हजेरीपत्रक, वेतनपत्रक, बँकेचं स्टेटमेंट, ईसीआर (पीएफच्या पोर्टलवर भरलेलं कामगारनिहाय महिन्याचं विवरण) आणि पैसे भरल्याचं चलन जातं. हे पाच कागद एकमेकांशी जुळले पाहिजेत. जवळजवळ सगळी भांडणं इथलीच. हजेरीत २६ दिवस आणि ईसीआरमध्ये २२ दिवसांचा पगार, की फाईल परत. तुमची कामं चार ठिकाणी असतील तर ईसीआर सगळ्यांचा एकत्र निघतो, आणि त्यातली आपली माणसं कोणती ते त्या कार्यालयाला कळत नाही. म्हणून साईटनिहाय यादी वेगळी करा, ईसीआरमधल्या त्या ओळी पिवळ्या करा आणि यादीच्या तळाशी बेरीज लिहा.

नावांचा घोळ तर विचारूच नका. सफाईच्या कामाला बायका जास्त. आधारवर सासरचं नाव, बँकेत माहेरचं, आणि हजेरीच्या मस्टरवर मुकादमाने घातलेलं लाडकं नाव. कामावर घ्यायच्या दिवशीच आधार, बँक आणि पीएफमधलं नाव एकसारखं करून घ्या. नव्या माणसाचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, आता उमंग ॲपवर चेहरा दाखवून काढावा लागतो, तेव्हा आधारला जोडलेला मोबाईल सोबत आणायला सांगा. व्यवसाय कर कापताना लक्षात ठेवा, २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या बाईला महाराष्ट्रात तो लागत नाही. तरी कापलेला दिसतो.

परवान्यांचं थोडक्यात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आणि १९७० चा कंत्राटी कामगार कायदा त्यांत विलीन झाला. टेंडरच्या मसुद्यात जुनं नाव दिसलं तर गोंधळू नका, आणि वादही घालू नका. कोणता कागद हवा ते लेखी विचारा. ठेकेदाराचा परवाना ५० किंवा जास्त कामगार असतील तर लागतो; ही मर्यादा महाराष्ट्रात संहितांच्या आधीपासूनच होती. सुरक्षारक्षक पुरवणार असाल तर खासगी सुरक्षा एजन्सीचा २००५ च्या कायद्याखालचा परवाना वेगळा लागतो. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी. तिचा आदेश कागदावर तयार ठेवाच, पण समितीतल्या बाईंचा फोन नंबर साईटवरच्या बायकांना माहीत असू द्या.

जीएसटी लागतो की नाही हे कामाच्या स्वरूपावर ठरतं, सीएकडून लेखी घ्या. लागत असेल आणि करार अडीच लाखांवरचा असेल तर कार्यालय बिलातूनच २ टक्के जीएसटी टीडीएस (आगाऊ कापलेला कर) कापतं. जीएसटी पोर्टलवर तो तुम्ही स्वतः स्वीकारल्याशिवाय तिथल्या तुमच्या रोख खात्यात जमा होत नाही. कित्येकांचे पैसे तिथेच पडून असतात.

काम संपताना सुरक्षा अनामत, म्हणजे कामाची हमी म्हणून कार्यालयाकडे ठेवलेली रक्कम, परत घ्यायची. बँक गॅरंटी दिली असेल तर तिची मुदत कामाच्या मुदतवाढीबरोबर वाढवा. नाही तर कार्यालय मुदत संपण्याआधी ती वटवायला काढू शकतं. परताव्याच्या अर्जाला शेवटच्या महिन्याची चलनं, बोनस दिल्याचा बँकेचा पुरावा आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला जोडा. अर्ज आवक विभागात द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का-क्रमांक घ्या. टेबलावर ठेवलेल्या अर्जाची नोंद कुठेच नसते.