बंदी उठण्याआधी बोटीवरची यंत्रं जोडायची तर

मासेमारी बंदी 31 जुलैला संपते, त्यामुळे वायरिंग पंधरा जुलैच्या आत उरका. गेल्या वर्षी मेहुण्याच्या बोटीवर मी ते शेवटच्या दोन दिवसांत केलं आणि नको तिथे चुकलो.

आधी कागदावर प्रत्येक यंत्राचं नाव आणि ते कसल्या जोडणीचं आहे ते लिहा. जुना जीपीएस, जुना व्हीएचएफ रेडिओ बहुधा एनएमईए 0183 वाले (एनएमईए म्हणजे बोटीवरच्या यंत्रांनी एकमेकांशी बोलायची ठरलेली पद्धत). तिथे एक बोलतो, बाकीचे ऐकतात. दोन बोलणाऱ्यांच्या वायरी एकत्र पिळल्या तर कोणाचंच काही कळत नाही. नवा प्लॉटर (नकाशावर बोट दाखवणारा पडदा), नवा फिश फाइंडर एनएमईए 2000 चे. जुन्या-नव्याच्या मधे कन्व्हर्टर लागतो. तो आधीच मागवून ठेवा, बंदरावरच्या दुकानाच्या भरवशावर राहू नका.

एनएमईए 2000 साठी मुख्य केबल, टी-कनेक्टर, आणि प्रत्येक यंत्राला एक फाटा, 6 मीटरच्या आत. यंत्र लांब असेल तर मुख्य केबलच तिथपर्यंत न्या. आणि टर्मिनेटर, म्हणजे केबलचं टोक बंद करणारे रोधक, दोन. दोन! मुख्य केबलच्या दोन्ही टोकांना एकेक, 120 ओमचे.

मी एकच लावला होता. नाळेकडच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडच्या, शेवटच्या टी ला जीपीएसचा अँटेना जोडला, म्हणजे टोक बंद झालं असं मी धरून चाललो. धक्क्याला सगळं झकास. बाहेर गेल्यावर खोलीच्या आकड्याच्या जागी नुसत्या रेघा, मग जीपीएस गायब, थोड्या वेळाने परत हजर. तांडेलाने आधी प्लॉटरला शिव्या घातल्या, नंतर मला. मी तर बोटीच्या तळाचा खोली मोजणारा ट्रान्सड्यूसर बदलायला निघालो होतो, म्हणजे बोट परत वर घ्यायची!

तेव्हा मल्टीमीटर पिशवीत हवाच. वीज पूर्ण बंद करून पांढऱ्या आणि निळ्या वायरीमध्ये मोजा. साधारण 60 ओम आले पाहिजेत. 120 आले तर एक टर्मिनेटर राहिलाय, माझ्यासारखा. 40 आले तर कुठेतरी तिसरा आहे. काही यंत्रांच्या पोटातच तो असतो, माहितीपुस्तिका बघा. ‘चालतंय ना’ म्हणून मोजणं टाळू नका. माझंही चालतच होतं.

वीज: बोटीवर 24 व्होल्टच्या बॅटऱ्या असतील तर त्या या केबलला थेट जोडू नका, तिला 12 लागतात. वेगळा फ्यूज. इंजिन मारायच्या बॅटरीवर शक्यतो नको, स्टार्टर फिरला की व्होल्टेज पडतो आणि यंत्रं बंद होऊन परत सुरू होतात. जोड पिळून टेप गुंडाळलेले चालणार नाहीत. खाऱ्या हवेत ते हिरवे पडतात.

आता बाकीचं भराभर. एआयएसचा (आसपासच्या जहाजांना आपली ओळख आणि ठिकाण कळवणारं यंत्र) डेटा पाठवायचा वेग 38400, जुन्या जीपीएसचा 4800. प्लॉटरच्या सेटिंगमध्ये दोन्ही बाजू जुळवा. एमएमएसआय, म्हणजे बोटीचा रेडिओवरचा ओळख क्रमांक, नऊ अंकी, आपल्याकडचा 419 ने सुरू होतो, एआयएस आणि व्हीएचएफमध्ये एकच. व्हीएचएफच्या पडद्यावर बोटीचं ठिकाण दिसतं का ते पाहा, नाहीतर संकटाचं लाल बटण दाबल्यावर हाक जाईल पण ठिकाण जाणार नाही. चाचणी म्हणून ते बटण मात्र दाबू नका. वायरींना चिठ्ठ्या, फोनवर फोटो. इंजिन चालू ठेवून तासभर बघा. जादा टर्मिनेटर डब्यात.

आणि झाकणं बसवण्याआधी वीज बंद करून परत मीटर लावा. 60.