गोलसर अक्षरं कुठे शोभतात

बालवाडीचा फलक, वाढदिवसाची पत्रिका किंवा खाऊच्या दुकानाची पाटी करायची असेल, तर ‘बालू २’ हा फॉन्ट वापरून पाहा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा हा फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतो आणि व्यावसायिक कामालाही चालतो. रेघांची टोकं गोलावलेली असल्यामुळे अक्षरं भरीव असूनही मऊ, आपुलकीची वाटतात.

पण तो मोठ्या आकारातच खुलतो. सगळ्यात जाड वजन (वजन म्हणजे रेघांची जाडी) लहान आकारात छापलं, की ‘क्ष’, ‘ष्ट्र’, ‘द्ध’ यांच्या आतली मोकळी जागा बुजते. म्हणून जाड वजन शीर्षकापुरतं ठेवा. खालचा मजकूर त्याच फॉन्टच्या हलक्या वजनात घ्या किंवा ‘मुक्ता’ या फॉन्टमध्ये लावा. लांब परिच्छेदासाठी मला मुक्ताच बरा वाटतो. तोही एक टाइपचाच आहे.

ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या साधारण दीडपट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. आणि इंग्रजी मथळ्यांसारखी अक्षरं विरळ करू नका! शिरोरेघ तुटते, शब्दाचे तुकडे दिसतात.

छपाईला देण्याआधी ‘सुऱ्या, कृष्णा, राष्ट्र, ॲप, लक्ष्मी’ एवढं टाइप करून प्रत्यक्ष आकारात कागदावर काढा. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसले, तर मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडून पाहा. काही फॉन्टांमध्ये मराठी वळण तेवढ्यानेच उमटतं.