जुने खाणविषयक भूगर्भ अहवाल कसे जमवावेत

सोलापूरच्या जमिनीखाली सर्वदूर काळा कातळ पसरलेला आहे आणि त्यात सोन्या-तांब्याची खाण नाही. तरीही जुन्या खाणपट्ट्यांचे अहवाल जमवण्यासाठी हे गाव सोयीचे आहे, कारण जवळच्या होटगी स्थानकाहून फुटणारा रेल्वेमार्ग विजापूर, बागलकोट करत गदगला पोहोचतो आणि गदगजवळच्या कप्पतगुड्ड डोंगररांगेत सोन्याचा एक जुना पट्टा आहे. ज्या प्रदेशाचे वर्णन आपण वाचतो, तो एका दिवसाच्या प्रवासावर असला की संग्रहाला दिशा मिळते. म्हणून प्रथम असा एकच पट्टा निवडावा. ‘जुने जे मिळेल ते’ घेत गेल्यास कपाट भरते, पण संग्रह होत नाही.

पट्टा ठरल्यावर त्याविषयी काय छापले गेले, याची यादी करावी. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची स्थापना 1851 साली झाली. त्याच्या प्रकाशनांपैकी ‘मेमॉयर्स’ या मालेत एखाद्या प्रदेशाचा सविस्तर अभ्यास असतो, तर 1868 पासून निघू लागलेल्या ‘रेकॉर्ड्स’मध्ये लहान टिपणे असतात. आपल्या पट्ट्यापुरते सांगायचे तर याच सर्वेक्षणातील भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांचे गदगजवळच्या दंबळ टेकड्यांतील सुवर्णयुक्त खडकांविषयीचे टिपण ‘रेकॉर्ड्स’च्या सातव्या खंडात 1874 साली आले आणि दक्षिण मराठा प्रदेशाच्या भूरचनेवरील त्यांचा मोठा अहवाल ‘मेमॉयर्स’च्या बाराव्या खंडात 1876 साली प्रसिद्ध झाला. या दोन प्रकाशनांपासून आरंभ करावा, असे माझे मत आहे. यादी करताना गावांच्या नावांची जुनी इंग्रजी रूपेही टिपून ठेवावीत; सोलापूर जुन्या छापील मजकुरात ‘शोलापूर’ म्हणून येते, आणि ‘धारवाड’, ‘विजापूर’ यांची स्पेलिंगेही आजच्यासारखी नसतात.

शोध कुठे घ्यावा? पुणे, मुंबई आणि हैदराबाद येथील जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांकडे चौकशी ठेवावीच, परंतु आपल्या गावातील रद्दीच्या दुकानांकडे दुर्लक्ष करू नये. गिरण्यांमध्ये किंवा रेल्वेत नोकरी केलेल्या जुन्या अभियंत्यांची पुस्तके घर आवरताना बहुधा तिथेच जातात. दुकानदाराला विषय सांगण्यापेक्षा पुस्तकाचे रूप सांगावे: इंग्रजी, जाड, मागे घडीचे नकाशे असलेले.

पुस्तक हाती आले की सर्वांत महत्त्वाचे काम सुरू होते. माझा पहिला खंड मी एका रद्दीवाल्याकडून घेतला, तेव्हा कातडी पाठ आणि ठसठशीत सोनेरी अक्षरे पाहूनच पैसे मोजले. घरी येऊन मागचा पुठ्ठा उघडला, तर आतला कागदी खण रिकामा होता आणि लगतच्या पानावर घडी केलेल्या नकाशाचा फिकट तपकिरी चौकोन तेवढा उमटलेला होता. खाणपट्ट्याच्या अहवालात नकाशा हाच गाभा असतो, कारण मजकुरातील ‘ओढ्याच्या पश्चिमेची शिर’ (खडकातील खनिजाची रेघ) कोठे आहे, हे त्यावाचून कळत नाही. म्हणून नकाशे व चित्रपत्रे यांची छापील यादी काढून एकेक पत्र मोजावे, प्रत्येक नकाशा सपाट टेबलावर पूर्ण उलगडावा आणि घड्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे भोके पडली आहेत का, हे उजेडासमोर धरून पाहावे. इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळावर अशा अनेक खंडांच्या स्कॅन केलेल्या प्रती पाहता येतात. त्यांच्याशी आपल्या प्रतीच्या पानांची संख्या ताडून पाहावी, मात्र तिथे घडीचे नकाशे बरेचदा न उलगडताच टिपलेले असतात. सुबक बांधणीच्या अपुऱ्या प्रतीपेक्षा खिळखिळी पण पूर्ण प्रत केव्हाही अधिक मोलाची.

ग्रंथालयाचा शिक्का दिसला, तर त्यासोबत पुस्तक संग्रहातून काढल्याची नोंद आहे का, हे तपासावे. ती नसेल आणि विक्रेत्याला समाधानकारक उत्तर देता येत नसेल, तर प्रत कितीही दुर्मीळ असली तरी घेऊ नये.

सोलापूरचा उन्हाळा चाळीस अंशांपलीकडे जातो आणि त्या उष्णतेत जुना कागद ठिसूळ होतो. पत्र्याखालचा माळा किंवा पश्चिमेची उन्हाने तापणारी भिंत टाळून, आतल्या खोलीतील लोखंडी कपाटात खंड ठेवावेत आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा ते उघडून कसर लागली का, हे पाहावे. फाटलेल्या घडीला चिकटपट्टी कधीही लावू नये. तिचा चिकट थर कालांतराने पिवळा पडून कागदात मुरतो. पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरून डागडुजी करता येते, पण हात बसेपर्यंत ती रद्दीच्या कागदावरच करून पाहावी.

वाचताना मापांचे एक कोष्टक जवळ ठेवावे. खनिजातील सोने जुन्या अहवालांत दर टनामागे पेनीवेटमध्ये दिलेले असते. एक पेनीवेट म्हणजे सुमारे 1.56 ग्रॅम आणि तो जुना इंग्रजी टन 1,016 किलोचा. म्हणजे दहा पेनीवेटचे खनिज आजच्या मेट्रिक टनामागे सुमारे 15 ग्रॅमचे ठरते.

पुढे नकाशा घेऊन प्रत्यक्ष जाण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे. तेव्हा मूळ नकाशा घरी ठेवून त्याची छायाप्रत न्यावी. कप्पतगुड्ड आता अभयारण्य असल्यामुळे वनखात्याची परवानगी आधी घ्यावी आणि जुन्या खोदकामांच्या काठांची माती ढासळते, म्हणून त्यांत न उतरता दुरूनच नोंदी कराव्यात.