‘पिशवी’ काढण्याची संमती देण्यापूर्वी

राधानगरी, शाहूवाडीकडून उपचारांसाठी कोल्हापुरात येणाऱ्या बहुतेक महिला गर्भाशयाला ‘पिशवी’ म्हणतात, आणि मुले झाली म्हणजे पिशवीचे काम संपले ही समजूत त्या शब्दाबरोबरच घरात वावरते. म्हणून डॉक्टरांसमोर बसल्यावर अवयवाचे नाव घेऊन विचारावे की नेमके काय काढणार आहात, फक्त गर्भाशय की दोन्ही बीजकोषही? पाळी जाण्याच्या वयाआधी दोन्ही बीजकोष काढले, तर पाळी जाण्याचा त्रास एकदम सुरू होतो आणि पुढे हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. जास्त रक्तस्रावामुळे ही शस्त्रक्रिया सुचवली असेल आणि त्याचे कारण कर्करोग नसेल, तर औषधांनी भागेल का किंवा नुसती गाठ काढता येईल का, हेही विचारावे.

सही कोणाची, हा प्रश्न त्याहून नाजूक आहे. अठरा वर्षांवरील, शुद्धीत असलेल्या महिलेची संमती तिची स्वतःचीच लागते. नवऱ्याची सही तिची जागा घेऊ शकत नाही. केवळ तपासणीसाठी भूल दिलेल्या एका प्रौढ महिलेचे गर्भाशय आणि बीजकोष आईच्या संमतीवर काढल्याच्या प्रकरणात, जिवाला तातडीचा धोका नसताना अशी संमती चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले.

तरीही ‘मालकांना विचारा’ असे ती स्वतःच म्हणते, तेव्हा तिला अडाणी ठरवू नये. आपल्याकडे दुखणे एकटीचे नसते. रजा, पैसा, घरातले काम सगळ्यांचे विस्कटते, आणि त्या सगळ्यांसह विचार करणे हीही तिची इच्छा असू शकते. ती खरोखर तिचीच आहे ना, एवढे मात्र पाहावे. त्यासाठी परिचारिकेने किंवा डॉक्टरांनी पाच-दहा मिनिटे तिच्याशी एकटीशी बोलावे, ‘तुम्हाला काय वाटते, आणि हे ठरवताना सोबत कोण हवे?’ असे विचारावे, आणि मग ती सांगेल त्यालाच आत बोलवावे. माझ्या मते हा क्रम उलटला की सही असूनही संमती उरत नाही.

संमतीपत्र मराठीत मागावे, वाचता येत नसेल तर वाचून घ्यावे. पोट उघडल्यावर दुसरे काही आढळले तर काय करायचे आणि काय नाही, हे भूल देण्याआधीच त्यावर लिहून घ्यावे. तातडी नसेल, तर कागद घरी नेऊन सीपीआर या कोल्हापुरातील सरकारी रुग्णालयात किंवा अन्यत्र दुसरे मत घेण्यास पूर्ण मोकळीक असते.