अटलांटिक कॅनडात नोकरीवर येताय? सेटलमेंट प्लॅन मनापासून करा

पुणे, नाशिक, सांगलीहून हल्ली बरेच जण विचारतात, "न्यू ब्रन्सविकच्या कंपनीची ऑफर आहे, एआयपीतून. घेऊ का?" त्यांना मी जे सांगतो, ते इथे सविस्तर लिहितो.

एआयपी म्हणजे अटलांटिक इमिग्रेशन प्रोग्रॅम. नोव्हा स्कोशिया, न्यू ब्रन्सविक, प्रिन्स एडवर्ड आयलंड आणि न्यूफाउंडलंड अँड लॅब्राडोर हे कॅनडाच्या पूर्व टोकाचे चार प्रांत. इथली तरुण मुलं वर्षानुवर्षं टोरांटोकडे आणि अल्बर्टाकडे जात राहिली, मागे उरलेली पिढी म्हातारी होत गेली. वृद्धाश्रम, ट्रक, बांधकाम, हॉटेलांची स्वयंपाकघरं, सगळीकडे माणसं कमी. म्हणून २०१७ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर हा कार्यक्रम सुरू झाला आणि जानेवारी २०२२ पासून कायम झाला. एलएमआयए नावाची किचकट परवानगी न काढता मालकाला परदेशातून माणूस आणता येतो आणि त्या माणसाला थेट पीआरचा, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा, अर्ज करता येतो.

ऑफर आली की सगळ्यात आधी मालक बघा. प्रांताने त्याला 'डेझिग्नेटेड', म्हणजे या कार्यक्रमासाठी मान्य, केलेलं असायला हवं. ते नसेल तर ते पत्र एआयपीसाठी निरुपयोगी आहे. नोकरी पूर्णवेळ हवी आणि हंगामी चालत नाही. मासळीच्या कारखान्यात काही महिन्यांचं काम असेल तर ते यात बसणार नाही, कोणी काहीही सांगो. कॅनडात शिक्षण-अनुभवाच्या गरजेप्रमाणे कामांचे गट केलेले आहेत, त्यांना टियर म्हणतात. टियर ० ते ३ मधल्या कामांना किमान एक वर्षाची ऑफर लागते, टियर ४ मधल्या कामांना कायमस्वरूपी. इंग्रजी किंवा फ्रेंच पहिल्या गटाला सीएलबी ५, दुसऱ्याला सीएलबी ४ लागते; सीएलबी म्हणजे कॅनडाची भाषेची पातळी. गेल्या पाच वर्षांत १,५६० तासांचा अनुभव दाखवावा लागतो. इथल्याच मान्य कॉलेजात दोन वर्षं शिकलेल्यांना ठरावीक अटींवर त्यातून सूट आहे. जागा दरवर्षी मर्यादित असतात आणि कोणत्या क्षेत्रांना प्राधान्य द्यायचं हे प्रांत वेळोवेळी बदलतात. त्यामुळे मित्राचं गेल्या वर्षी झालं म्हणून तुमचंही होईल असं धरू नका, प्रांताच्या संकेतस्थळावर आजचा नियम वाचा.

आता पैशांबद्दल, आणि हे मी कळकळीने सांगतो. नोकरी मिळवून देण्याचे पैसे कामगाराकडून घेणं इथे बेकायदा आहे. अर्ज भरून देण्याची फी वेगळी. ती घेणारा कॅनडातला वकील किंवा कॅनडाच्या सल्लागार संस्थेचा, म्हणजे सीआयसीसीचा, परवानाधारक हवा. त्याचा परवाना नाव टाकून ऑनलाइन तपासता येतो. भारतातून परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटची नोंदणी ई-मायग्रेट पोर्टलवर दिसते. "ऑफर लेटरचे इतके लाख" म्हणणाऱ्याकडे शेत गहाण टाकून जाऊ नका. खऱ्या मालकाला माणूस हवा असतो. तो व्हिडिओवर मुलाखत घेतो, कामाचे तास सांगतो, तुमच्या प्रश्नांना उत्तरं देतो.

मग येतो सेटलमेंट प्लॅन, म्हणजे इथे येऊन घर-संसार कसा बसवायचा याचा आराखडा. प्रांताची मान्यता, म्हणजे एंडॉर्समेंट, मिळण्याआधी तो लागतोच. बरेच जण तो एक फॉर्म समजून पाच मिनिटांत उरकतात. माझ्या मते या सगळ्या कार्यक्रमातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे, आणि ती फुकट आहे. मान्यताप्राप्त संस्थेचा माणूस तुमच्याशी ऑनलाइन बोलतो. हॅलिफॅक्सला आयसॅन्स, सेंट जॉन्सला असोसिएशन फॉर न्यू कॅनेडियन्स अशा संस्था वर्षानुवर्षं हेच काम करतात. या बोलण्यात सोबत येणाऱ्या घरच्यांचाही विचार होतो, म्हणून बायकोला किंवा नवऱ्याला बाजूला बसवून त्यांच्या तोंडून त्यांचे प्रश्न येऊ द्या. सगळं ठीक आहे, काही अडचण नाही, असं आपण सवयीने म्हणतो. तिथे ते म्हणू नका.

विचारा की कामाच्या गावात बस आहे का, आणि सकाळच्या पाळीच्या आधी ती येते का. हॅलिफॅक्स, मंक्टन, सेंट जॉन्स सोडलं तर गाडीशिवाय फार हाल होतात. भाड्याच्या घरात 'हीट' आणि वीज धरलेली आहे का, हे विचारा. इथल्या कितीतरी जुन्या घरांत अजून तेलावर चालणारी भट्टी असते. भाडं स्वस्त दिसतं आणि जानेवारीत तेलाचं बिल डोळे पांढरे करतं. मुलांना शाळा कोणती, पाळणाघराची प्रतीक्षायादी किती लांब, वर्क परमिटवर हेल्थ कार्ड कधीपासून मिळतं, तोवर विमा कोणता घ्यायचा, भाषेचे कोणते वर्ग परमिटवर मिळतात आणि कोणते पीआरनंतर, सगळं विचारा. फॅमिली डॉक्टर मिळायला इथे खरंच वेळ लागतो. आल्या आल्या प्रांताच्या यादीत नाव घाला आणि ८११ हा आरोग्य सल्ल्याचा नंबर पाठ करा.

जोडीदाराच्या कामाचं तर आधीच बोलायला हवं. नर्स, शिक्षक, इलेक्ट्रिशियन यांना इथला परवाना लागतो. नोव्हा स्कोशियाने २०२३ मध्ये भारतासह सात देशांतल्या नर्सेससाठी ही वाट बरीच सोपी केली. पण कागद तुम्हालाच जमवायचे आहेत, आणि ते महाराष्ट्रात असतानाच जमतात. विद्यापीठाकडून ट्रान्स्क्रिप्ट काढायला लागतो तेवढा वेळ कशालाच लागत नाही; शिक्षणाच्या मूल्यांकनासाठी ते काम ऑफर यायच्या आधीच सुरू करा. आरटीओकडून लायसन्सचा उतारा, मुलांच्या लशींची नोंद, जुन्या मालकांची कामाचे तास लिहिलेली पत्रं, हे सगळं सोबत हवं. चष्मा आणि दाढा तिकडेच बघून घ्या, मोठ्या माणसांना तो खर्च इथे सहसा स्वतःच्या खिशातून करावा लागतो.

एंडॉर्समेंट हातात आली की पीआरचा अर्ज करता येतो, आणि लवकर यायचं असेल तर प्रांताच्या शिफारसपत्रावर वर्क परमिटही मागता येतं. ते परमिट त्या एकाच मालकाचं असतं आणि पीआरचा अर्ज परमिटचा अर्ज केल्यापासून ९० दिवसांत करावा लागतो. पीआर यायच्या आत नोकरी सुटली तर दुसरा डेझिग्नेटेड मालक, नवी ऑफर आणि नवी एंडॉर्समेंट लागते. म्हणून ऑफर स्वीकारतानाच पगार त्या गावच्या भाड्यासमोर ठेवून बघा. मालक मान्यताप्राप्त आहे एवढ्याने तुमच्या चार माणसांचं घर चालेलच असं नाही; तो हिशेब तुम्हीच करायचा.

आणि मालकाशी काही बिनसलं, ओव्हरटाइम बुडवला, पासपोर्ट मागून ठेवला, तर गप्प बसू नका. पासपोर्ट ठेवून घेण्याचा हक्क कोणालाही नाही. प्रांताच्या लेबर स्टँडर्ड्स कार्यालयात तक्रार करता येते. छळ होत असेल तर अशा एकाच मालकाच्या परमिटवरच्या माणसाला तो मालक सोडून दुसरीकडे काम करता यावं म्हणून वेगळं ओपन वर्क परमिट, म्हणजे एका मालकाशी न बांधलेलं परमिट, मागण्याची सोय केंद्र सरकारने २०१९ पासून केली आहे. ज्या संस्थेने तुमचा सेटलमेंट प्लॅन केला, तिचा फोन नंबर जोडीदाराच्याही मोबाइलमध्ये असू द्या. अडचणीत पहिला फोन तिथेच करा, अर्ज कुठे आणि कसा करायचा ते ती माणसं सांगतात.